दुपारचा सिनेमा : उंबऱ्याच्या आत आणि बाहेर

गेला दीड महिना आमच्या घरी जवळजवळ रोज दुपारी सिनेमा चालू आहे. ऐकून तुम्ही म्हणाल, 'चैन आहे बाई एकेकीची!' पण या चैनीचं कारण काही चैनीचं नव्हतं. मागच्या अंगणात धुणं वाळत घालताना सासूबाईंचा पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं आणि सहा आठवड्यांचं प्लॅस्टर नशिबी आलं. ज्या बाईला पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत कधी पाठ टेकताना मी पाहिलं नव्हतं, ती कॉटवर पाय उशीवर ठेवून बसली. पहिले चार दिवस पोथी झाली, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून झालं. पाचव्या दिवशी माझ्यावर, भांडीवाल्या बाईंवर आणि भिंतीवरच्या पालीवर त्या सारख्याच चिडू लागल्या.

मी सकाळच्या शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते, हे माझ्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. साडेबाराला घरी येते. जेवणं, झाकपाक होऊन अडीच वाजतात आणि लेक पाचला शाळेतून येते. मधले दोन-अडीच तास आमचे दोघींचे. ह्यांनी टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि म्हणाले, "लावा काय हवं ते जुनंपानं." मग काय, सासूबाईंच्या मांडीवर परात, परातीत कधी मेथी, कधी शेंगा, कधी निवडायचे तांदूळ, माझ्यापुढे वह्यांचा गठ्ठा, आणि समोर पडदा. काम होतं, सिनेमाही होतो. अर्थात वह्यांवर कधी कधी लाल शाई भलत्याच ठिकाणी पडते, ते सोडा!

या दीड महिन्यात पाहिलेल्या सिनेमांपैकी सहा सिनेमांबद्दल आज थोडं थोडं लिहिते. हे परीक्षण नव्हे. मला त्यातलं तंत्र कळत नाही. पाहून झाल्यावर संध्याकाळी कणीक मळताना जे मनात राहिलं, तेवढंच.

संत तुकाराम (१९३६)

सुरुवात देवाच्या नावानं करावी म्हणून हा पहिला. प्रभातचा, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात १९३७ साली याचा गौरव झाला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आहेत. हे पागनीस आधी संगीत नाटकांतून स्त्रीभूमिका करत असत. त्यामुळेच की काय, त्यांच्या तुकारामात एक मऊपणा आहे. डोळे मिटून गाऊ लागले की हा माणूस नट आहे हे आपण विसरतोच.

पण मैत्रिणींनो, मला विचाराल तर हा सिनेमा जिजाईचा, म्हणजे आपल्या आवलीचा आहे. गौरी नावाच्या अभिनेत्रीनं ती काय उभी केली आहे! ती तोंडाची फटकळ आहे, दांडगी आहे, विठोबाला शिव्या देते, पोर आजारी पडल्यावर पायातलं हातात घेऊन त्या काळ्यावर धावून जाते. नवरा देवाच्या नादी लागलाय आणि घरात दाणा नाही, मग बाईनं करावं काय? अभंग शिजवावेत? सासूबाई हसत होत्या, मध्येच म्हणाल्या, "अगं, तो संत झाला तो हिच्या जिवावर." मी म्हटलं, "आई, हे तुम्ही कीर्तनात सांगा." तर म्हणतात, "कीर्तनात सांगायला तिथे बायकांना विचारतो कोण?"

तुकाराम वैकुंठाला जातात आणि आवली पोराबाळांसाठी इथेच राहते. लहानपणी या जागी मला विमानाचं कौतुक वाटायचं. या वेळी मी विमानाकडे पाहिलंच नाही.

कुंकू (१९३७)

प्रभातचाच, पण शांतारामबापूंचा. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतलेला. हिंदीत तो 'दुनिया न माने' म्हणून निघाला. पोरक्या नीराचं लग्न तिचा मामा पैशाच्या लोभानं एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावतो. नीरा सासरी येते, पण हे लग्न मान्य नाही म्हणते आणि शेवटपर्यंत मान्य करत नाही. १९३७ साली!

आपल्याला वाटतं, जुने सिनेमे म्हणजे रडणाऱ्या सोशिक बायका. शांता आपटे पाहा म्हणजे तो समज जाईल. ती रडते कमी आणि बघते जास्त. तिच्या नजरेनंच समोरच्याला घाम फुटतो. एका प्रसंगात ती लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गाते. नऊवारी-पाचवारीच्या त्या काळात ही पोरगी इंग्रजीतून आयुष्याबद्दल गाते आहे, हे पाहून अंगावर काटा येतो.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे जे आवाज असतील तेवढेच. त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जिवाला लागते. काकासाहेबांना ते जुनं घड्याळ सारखं सांभाळावं लागतं, आणि त्यांचं स्वतःचंही तसंच झालेलं असतं. केशवराव दाते यांनी या काकासाहेबांना नुसता दुष्ट म्हातारा होऊ दिलं नाही, हे त्यांचं मोठेपण. शेवटी त्याला आपली चूक कळते, तेव्हा त्याचाही जीव गलबलतो आणि आपलाही.

काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. या रँग्लर परांजप्यांच्या कन्या. केंब्रिजला गणित शिकून आलेल्या आणि पुढे आयुष्यभर संततिनियमनाचा प्रचार केलेल्या. लोक नाकं मुरडत असताना त्यांनी हे काम केलं. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या, १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 'स्पर्श', 'चश्मे बद्दूर', 'कथा' करणाऱ्या सई परांजपे या त्यांच्या लेक. पडद्यावर बापाला चार शब्द सुनावणारी मुलगी पडद्याबाहेरही तशीच होती, हे कळल्यावर तो प्रसंग मी पुन्हा लावून पाहिला.

शांता आपट्यांचंही तेच. १९३९ साली त्यांचा प्रभातशी करारावरून वाद झाला, तर त्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. आणि १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तकही लिहिलं. नीरा त्यांना का साधली, हे वेगळं सांगायला नको.

पिया का घर (१९७२)

दोन गंभीर सिनेमे झाले की तिसरा हलका, असा आमचा नियम. जेवणात कोशिंबीर लागतेच की. राजा ठाकुरांचा 'मुंबईचा जावई' हा १९७० सालचा मराठी सिनेमा आपल्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. बासू चटर्जींनी त्यावरूनच हिंदीत हा केला. जया भादुरी मोकळ्या घरातून लग्न होऊन मुंबईच्या चाळीत येते. घरात दीर, सासू-सासरे, थोरली जाऊ, सगळी माणसं प्रेमळ, पण नवराबायकोला दोन शब्द बोलायला जागा नाही. अंथरूण पडायचं ते स्वयंपाकघरात!

सासूबाईंनी हा सिनेमा हसतहसत पाहिला आणि मग सहज म्हणाल्या, "आमचंही तेच होतं. दोन खोल्या आणि आठ माणसं. तुझे सासरे माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणी बोलले ते एसटीच्या स्टँडवर, गाडी दोन तास उशिरा आली म्हणून." इतकी वर्षं मी या घरात आहे, पण हे मला ठाऊक नव्हतं.

जया भादुरीचं काम बघण्यासारखं आहे. नवी नवरी सासरी आल्यावर ज्या पद्धतीनं भिंतीशी चिकटून उभी राहते, कुठे बसावं हे तिला कळत नाही, ते तिनं नेमकं टिपलंय. घरातली माणसं वाईट नसूनही बाई घुसमटू शकते, हे इतक्या हलक्या हातानं सांगणारा सिनेमा विरळाच.

रजनीगंधा (१९७४)

हाही बासूदांचाच. मन्नू भंडारी यांच्या 'यही सच है' या कथेवर केलेला. कथेत कानपूर आणि कलकत्ता आहे, सिनेमात दिल्ली आणि मुंबई. दीपा (विद्या सिन्हा) दिल्लीत आहे. तिचा संजय (अमोल पालेकर) वेळेवर न येणारा, ऑफिसच्या गप्पा मारणारा, पण हातात निशिगंधाची फुलं घेऊन येणारा. नोकरीच्या मुलाखतीसाठी ती मुंबईला येते आणि तिथे जुना नवीन (दिनेश ठाकूर) भेटतो. तो वेळेवर येतो, तिची सगळी धावपळ करतो, पण मनातलं काही बोलत नाही. मन कुणाकडे जावं?

या सिनेमात खलनायक नाही, मारामारी नाही. विद्या सिन्हाच्या सुती साड्या, केसांची सैल वेणी, बसस्टॉप, टॅक्सीत शेजारी बसलेल्या माणसाच्या हाताकडे जाणारी नजर, एवढ्यावर सिनेमा उभा आहे. सलील चौधरींचं संगीत आहे, आणि यातल्या गाण्यासाठी मुकेशना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

सासूबाईंना मात्र तो आवडला नाही. "हिला नक्की काय हवंय ते हिलाच ठाऊक नाही," असा शेरा मारून त्या शेंगा सोलत बसल्या. मी काही बोलले नाही. मला वाटतं, आपल्याला काय हवंय ते ठाऊक नसणं हीसुद्धा बाईला फार क्वचित मिळालेली मोकळीक आहे. आपल्या बहुतेकींचं काय हवंय ते आधी दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं.

अनुराधा (१९६०)

आता ज्या सिनेमासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. हृषीकेश मुखर्जींचा 'अनुराधा'. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक याला मिळालं होतं. संगीत पंडित रविशंकरांचं, आवाज लताबाईंचा. लीला नायडूंचा हा पहिला सिनेमा.

अनुराधा ही रेडिओवर गाणारी, नाव मिळवलेली गायिका. ती एका ध्येयवादी डॉक्टरच्या (बलराज साहनी) प्रेमात पडते, लग्न करून खेडेगावात येते. नवरा भला माणूस. गावातल्या गरिबांसाठी रात्रंदिवस झटतो. दारू नाही, मारहाण नाही, बाहेर काही नाही. फक्त त्याला बायको दिसत नाही. तो रोग्यांकडे, नाहीतर पुस्तकांत. ती चूल, मूल आणि वाट पाहणं यात. गाणं कधी सुटलं, हे तिलाही कळत नाही. कुणी 'गाऊ नकोस' म्हणालेलं नसतं.

यातलं सगळ्यात टोचणारं हेच. 'गाऊ नकोस' म्हणणारा नवरा असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

मग एक जुना परिचित येतो, तिचं गाणं गेलं म्हणून हळहळतो, परत चल म्हणतो. ती निघायचं ठरवते. त्याच सुमारास एक मोठे डॉक्टर जेवायला येतात. नझीर हुसेन यांनी हे काम फार गोड केलंय. हा वडीलधारा माणूस तिचं गाणं ऐकतो आणि नवऱ्याच्या कामाची थोरवी गाता गाता त्यामागची बाई ओळखतो. नवऱ्याला जे इतकी वर्षं दिसलं नाही ते परक्याला एका संध्याकाळी दिसतं. नवऱ्याचे डोळे उघडतात. शेवटी अनुराधा जात नाही.

सिनेमा संपला. चार वाजले होते. मी वह्या आवरायला लागले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. परातीतली मेथी तशीच. मग म्हणाल्या, "माझी पेटी वन्संच्या लग्नात गेली."

मला आधी कळलंच नाही. "कसली पेटी, आई?"

"बाजाची. हार्मोनियम. मी मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या होत्या गाण्याच्या. बाबांनी लग्नात सोबत दिली होती पेटी. वन्संचं लग्न ठरलं तेव्हा पैसे कमी पडत होते. मीच म्हटलं, विकून टाका, नाहीतरी वाजवतंय कोण."

मी विचारलं, "कुणी मागितली होती का?"

"छे गं. कुणी मागितली नाही. मीच दिली." मग थोडं थांबून, "पण कुणी 'नको, राहू दे' असंही म्हणालं नाही."

मैत्रिणींनो, लग्न होऊन दहा वर्षं झाली मला. या बाईंच्या हातचं मी खाते, यांच्याशी भांडते, यांच्या औषधांच्या वेळा मला पाठ आहेत. आणि त्या गात होत्या, मध्यमापर्यंत शिकल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं! रात्री विचारलं तर म्हणाले, "आई देवाची गाणी म्हणते की सकाळी." एवढंच. पोटच्या मुलाला आईचं एवढंच ठाऊक.

उंबरठा (१९८२)

हा सिनेमा मी आधी कॉलेजात असताना पाहिला होता. आता सासूबाईंबरोबर पाहावा की नाही, असा मला प्रश्नच होता. पण त्याच म्हणाल्या, "तो स्मिताचा लाव. गावात आला होता तेव्हा पाहायचा राहिला." का राहिला, हे मी विचारलं नाही. 'अनुराधा'नंतर मला अंदाज आला होता.

जब्बार पटेलांचा हा सिनेमा शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. हिंदीत तो 'सुबह' नावानं निघाला. सुलभा महाजन शिकलेली, खात्यापित्या घरातली सून. नवरा वकील (गिरीश कर्नाड), सासू स्वतः समाजकार्यात. घरात एक लेक आहे आणि तिच्यावर जीव लावणारी जाऊ. सुलभाला काम करायचं आहे, आणि ते हौसेपुरतं नव्हे. घरापासून लांब एका महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून ती जाते. तिथला कारभार, कमिटीवरच्या लोकांचे हितसंबंध, आश्रमातल्या बायकांचे हाल, सगळं अंगावर येतं. ती लढते, थकते, राजीनामा देऊन घरी येते. तर घरात तिची जागा उरलेली नसते. लेक काकूची झालेली असते, आणि नवरा दुसरीकडे गुंतलेला. सुलभा पुन्हा उंबरठा ओलांडते आणि आगगाडीत बसते.

स्मिता पाटील १९८६ साली गेली तेव्हा तिचं वय होतं फक्त ३१. म्हणजे हे काम तिनं विशी-पंचविशीच्या घरात केलंय. माझ्यापेक्षा लहान होती ती. तो चेहरा पाहताना हे पटत नाही.

सिनेमा संपल्यावर आम्हा दोघींचं चांगलंच वाजलं. सासूबाई म्हणाल्या, "मला नाही पटलं. लेकरू टाकून जायचं म्हणजे काय?" मी म्हटलं, "नवरा नोकरीसाठी परगावी गेला असता तर त्याला लेकरू टाकून गेला म्हणाला असतात का?" त्या म्हणाल्या, "तू शाळेतल्यासारखं बोलू नकोस." मीही चिडले. चहा गप्पच झाला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या चिडण्याला कारण होतं. मी बी. ए. आहे. शाळेत तासावर शिकवते. कायमची शिक्षिका व्हायचं तर बी. एड. हवं. ते आता दोन वर्षांचं आहे, आणि त्याआधी सीईटीची परीक्षा. कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीनं जायला सव्वा तास आणि यायला सव्वा तास. फॉर्म भरायची मुदत जवळ आली होती. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "बघू." आमच्या घरातलं हे 'बघू' कसं असतं, ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही घरात असेल. 'बघू' म्हणजे नकार नव्हे. फॉर्मची तारीख आपोआप उलटून जाईपर्यंतची ती वाट असते.

आणि खरं सांगायचं तर मीही मनात म्हणून बसले होते, 'जाऊ दे. आत्ता आईंचा पाय, मुलीची शाळा. पुढच्या वर्षी बघू.' माझ्याही तोंडी तेच 'बघू'! मला कुणी शिकू नकोस म्हणालं नव्हतं. मीच माझी पेटी विकायला काढली होती.

रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी हाक मारली. मला वाटलं पाय दुखतोय. तर म्हणाल्या, "फॉर्म भर तुझा."

मी नुसती उभी.

"भर म्हणते ना. पण एक आहे. त्या सिनेमातल्या बाईचं काय चुकलं सांगू? ती गेली ते नाही चुकलं. जाताना कोण काय बघणार हे कुणी बसून ठरवलंच नाही. सगळ्यांनी धरून चाललं की जाऊ आहेच. तसं करू नकोस. आधी ठरव. माझ्यावर सगळं टाकून जाशील तर मला जमायचं नाही, माझा पाय असा. आणि त्यालाही बसव समोर."

मला त्यांचं सुलभाबद्दलचं म्हणणं अजूनही पूर्ण पटलेलं नाही. ठरवायला बसायचं तर दुसऱ्यांनीही बसावं लागतं. पण आमच्या घरात त्या रात्री बसलो, एवढं खरं. लेकीच्या वहीचं मागचं पान फाडून घेतलं. त्यावर सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचे तास लिहिले आणि प्रत्येकापुढे नाव. लेकीचा डबा आणि वेणी ह्यांच्याकडे. वेणी ऐकून ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता! सकाळी पोळ्यांना बाई लावायची, तिचा पगार माझ्या तासांच्या मानधनातून. दुपारी लेक आल्यावर खाऊ आणि अभ्यास सासूबाईंकडे, प्लॅस्टर निघाल्यावर. तोवर शेजारच्या काकू. रविवारचं धुणं सगळ्यांनी मिळून. दोन वर्षांची फी किती, एसटीचा पास किती, हेही मांडलं. दोन ठिकाणी उत्तर जुळलं नाही. तिथे प्रश्नचिन्ह घातलं आणि कागद फ्रिजवर लावला. प्रश्नचिन्हं अजून आहेत. पण 'बघू' लिहायला त्या कागदावर रकानाच नाही.

फॉर्म भरला. परीक्षेचं काय होईल ते होईल. नंबर लागेल न लागेल. लागलाच, तर दोन वर्षांत त्या कागदाच्या किती चिंध्या होतील, हेही मला कळतं. तेव्हा अभिनंदनाची पत्रं आत्ताच पाठवू नका!

जाता जाता, घरी जुना सिनेमा पाहणाऱ्यांसाठी अनुभवाचे चार शब्द :

• जुन्या प्रतींचा आवाज खरखरीत असतो. पंखा कमी करा, मिक्सर आधी फिरवून घ्या. पहिली दहा मिनिटं कान बसायला लागतात, तेवढ्यात कंटाळून बंद करू नका.

• मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहण्यापेक्षा दोन दुपारी लावून पाहा. मध्यंतर झालं की थांबायचं. उरलेला अर्धा सिनेमा मनात मुरतो, लोणच्यासारखा.

• हाताला काम घ्या, पण नजर न लागणारं. शेंगा सोलणं, लसूण निवडणं ठीक. विळी आणि सिनेमा एकत्र नको, हे मी बोटाला पट्टी बांधून सांगते आहे.

• शक्य तर एकटीनं पाहू नका. सासू असो, आई असो, शेजारीण असो, वयानं मोठी बाई शेजारी बसवा. सिनेमा तुम्हाला एकटीलाही पाहता येईल, पण तिच्याकडचं तिनं सांगितल्याशिवाय कळत नाही.

• एक छोटी वही ठेवा. सिनेमाचं नाव, साल, आणि एकच ओळ. जास्त नाही. मी माझ्या वहीत 'अनुराधा'पुढे लिहिलंय : पेटी.

मागच्या आठवड्यात प्लॅस्टर निघालं. सासूबाई काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत आल्या आणि आल्या आल्या डब्यांची जागा बदलली म्हणून मला बोलल्या. म्हणजे तब्येत सुधारली! परवा ह्यांनी कुठून तरी जुन्या पेट्यांच्या किमती विचारून आणल्या. चांगली पेटी सध्या आमच्या आवाक्यातली नाही, बी. एड.ची फी आधी. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आता बोटं चालायची नाहीत माझी." नको असं म्हणाल्या नाहीत. मी ते वहीत टिपून ठेवलंय.

तर मैत्रिणींनो, तुमची पेटी कोणती? शिवणाचं मशीन, चित्रांची वही, अर्धवट राहिलेलं एम. ए., बॅडमिंटनची रॅकेट? कुणी मागितली नसताना आपणच देऊन टाकलेलं असं काय काय असेल! मला पत्रानं कळवा. निवडक पत्रं याच पानावर देईन, नाव नको असेल तर तसं लिहा.

पुढच्या वेळी हसायचे सिनेमे घेऊ या. सासूबाईंनी यादी तयार ठेवली आहे.